वऱ्हाडपांडे काकांची बचावफळी

वऱ्हाडपांडे काकांना "कसं काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं की ते म्हणायचे, "पुढची फळी ठीक आहे. मागं सगळी बोंब आहे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दातांचं काहीतरी असावं. मी आपुलकीने "इथे डेंटिस्टची अपॉइंटमेंट लवकर मिळते का हो?" असंही विचारलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुण्याच्या माणसाबद्दलची त्यांची जी काही मतं असतील ती त्या क्षणी कायमची पक्की झाली.

काकांची फळी म्हणजे आमच्या गावातल्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा डिफेन्स. गाव टोरांटोच्या पश्चिमेला दोन तासांवर. मी सॉफ्टवेअरची नोकरी घेऊन तिथे पोहोचलो आणि काकांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं राहिलो. वरच्या मजल्यावर काका आणि काकू. काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं इथल्या म्युनिसिपालिटीत पाण्याच्या पाइपलाइनी टाकल्या आणि रिटायर झाले. इतक्या वर्षांत त्यांची इंग्रजी पार कॅनडियन झाली होती. मराठी मात्र विमानात बसले त्या दिवशीचीच राहिली होती.

इथला फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळत नाहीत. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं पाडायचं. पळणाऱ्याला टाळ्या मिळतात, पेपरात फोटो येतो. काकांना त्याच्यात काडीचाही रस नव्हता. आपल्या टीमकडे चेंडू आला की ते खुर्ची फिरवून पाठ करून बसत आणि डबा उघडत. समोरच्यांकडे चेंडू गेला की डबा बंद.

"पळाले तर काय झालं? कुत्रंही पळते," ते म्हणायचे. "अडवून दाखवा न बाप्पा!"

महाराष्ट्र मंडळातही त्यांची नजर तीच. पाडव्याच्या कार्यक्रमात नवीन कोणी दिसलं की ते नाव-गाव विचारायच्या आधी वजन विचारत. मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी पुढच्या फळीत मधोमध टाकलं होतं. कारण: "सात वर्षं झाली, खुर्चीवरून हलून नाही राहिले." मला म्हणाले, "तुम्ही कडेला. पळाल चांगले, पण धडक द्यायची वेळ आली की फॉर्म भरत बसाल."

एप्रिलअखेर युनिव्हर्सिटीच्या परीक्षा संपतात आणि टीमची स्प्रिंग प्रॅक्टिस सुरू होते. इथलं स्प्रिंग म्हणजे कॅलेंडरावरचं. मैदानाच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग तसेच असतात. काका मात्र माकडटोपी, विंटर जॅकेट, घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि एक वही घेऊन पहिल्या दिवसापासून तारेच्या कुंपणाशी हजर. मी गेलो त्या वर्षी डिफेन्समधली चार जुनी पोरं डिग्री घेऊन निघून गेली होती. काका घरात सुतक असल्यासारखे वावरत होते.

"चार खांब गेले," ते मला म्हणाले. "आता जे उरले ते मांडवाचे बांबू."

वहीत ते मराठीत नोंदी करायचे. पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून जर्सीचा नंबर आणि पुढे शेरा. "५५ – रांजण. हलत नाही, पण वळतही नाही." "२१ – अंगात वीज, डोक्यात लोडशेडिंग." "४२ – धडकताना मान खाली घालतो. मोडून घेईल. कोणीतरी सांगा रे याला."

दुसऱ्या आठवड्यात कोच डग स्वतः कुंपणापाशी आला. हा सहा फूट चार इंचांचा, लाल मानेचा माणूस. त्याला बरेच दिवस संशय होता, की माकडटोपीतला हा म्हातारा दुसऱ्या युनिव्हर्सिटीने पाठवलेला हेर आहे. त्याने वही मागितली. काकांनी दिली. कोचने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि संशय आणखीच वाढला. त्या दिवशी शनिवार असल्याने मी बरोबर होतो.

"हे कुठल्या कोडमध्ये आहे?" त्याने विचारलं.

"मराठी," काका म्हणाले.

"वाचून दाखवा."

काकांनी बेचाळीस नंबरची नोंद इंग्रजीत सांगितली. कोच वळून मैदानाकडे पाहत राहिला. तेवढ्यात बेचाळीस नंबर मान खाली घालून कोणावर तरी आदळला. कोचने शिट्टी मारून खेळ थांबवला, त्या पोराला बाजूला घेतलं आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोलला. मग परत येऊन त्याने कुंपणाचं दार उघडलं आणि काकांची खुर्ची स्वतः उचलून आत नेली.

त्या दिवसापासून काका "मिस्टर व्ही" झाले. आडनावाचं पहिलं अक्षर उच्चारून झालं की टीमचा दम संपायचा.

पुढे एकदा पोरांचं पाडापाडीचं शिक्षण चाललं होतं. सगळे छातीवर छाती मारत होते. काकांना राहवेना. ते खुर्चीतून उठले, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पंचावन्न नंबरच्या रांजणाला म्हणाले, "माझ्याकडे पळत ये." पोरगं घाबरून कोचकडे बघायला लागलं. कोच म्हणाला, "हळू ये." ते हळू आलं. त्रेसष्ट वर्षांचे काका एका पायावर खाली बसले, अंग बाजूला काढलं आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा असा धरला, की एकशे दहा किलोचं ते धूड धप्पकन चिखलात बसलं. काका त्याच्यावर. मैदानावर असा आरडाओरडा झाला की विचारू नका.

घरी आल्यावर काकूंनी चिखलाची पँट पाहिली आणि म्हणाल्या, "रात्री शेक मलाच द्यावा लागणार आहे, माहीत आहे न?"

"काका, हे शिकलात कुठे?" मी विचारलं.

"कबड्डी," ते म्हणाले आणि वर निघून गेले. तो माणूस एरवी डिफेन्सवर दोन तास बोलला असता. त्या दिवशी एक शब्द बोलून गेला.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "कबड्डीचं नका विचारू त्यांना. दोन दिवस जेवण जात नाही मग."

मी विचारलं नाही. त्या डिसेंबरमध्ये मला भारतात जायचं होतं, नागपूरला मामेबहिणीचं लग्न होतं. निघायच्या आदल्या दिवशी बर्फ पडला. मी आणि काका ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. काका अचानक फावड्यावर हात टेकून थांबले.

"नागपूरला एक काम होतं. नाही झालं तरी चालते."

"सांगा ना."

"महाल भागात बबन निखाडे म्हणून आहे एक. आहे की नाही, ते पाहायचं."

मग त्यांनी फावडं मारता मारता, माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. नागपुरात त्यांची कबड्डीची टीम होती. काका डाव्या कोपऱ्यात, शेजारी बबन. चढाई करणारा अंगावर आला की या दोघांनी हातात हात धरून साखळी करायची आणि त्याला कोंडायचं. सहा वर्षं एकच जोडी. एकाने बोट दाबलं की दुसऱ्याला कळायचं, आता घोटा, आता मांडी, आता थांब. जिल्ह्याच्या फायनलला पोहोचले आणि त्याच सुमारास काकांचे कॅनडाचे कागद आले. विमान होतं फायनलच्या चार दिवस आधी.

"सांगितलं नाही मी त्याला," काका म्हणाले. "तोंडच नाही झालं. आईजवळ चिठ्ठी ठेवली अन् निघून आलो. दोन महिन्यांनी बहिणीचं पत्र आलं. आपण हरलो. बबनचा गुडघा कामातून गेला. माझी जागा रिकामी, तो एकटा अडवायला गेला असंल न."

"मग तुम्ही त्यांना पत्र..."

"काय लिहू?" काका म्हणाले आणि पुन्हा बर्फ उपसायला लागले. छत्तीस वर्षं झाली होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी महालात गेलो. बबन निखाडे सापडायला अर्धा तासही लागला नाही. ओट्यावर एक पाय लांब करून बसलेला बारीकसा म्हातारा, हातात तपकिरीची डबी. मी काकांचं नाव सांगितलं.

"कोण? अच्या?" डबी खाली ठेवून ते म्हणाले. "जिता आहे न?"

"आहेत. मजेत आहेत."

"मजेत आहे! अन् इथं एक पोस्टकार्ड नाही बेट्याचं!" मग आत ओरडले, "अगं, चहा टाक! अच्याकडून माणूस आला!"

चहा झाल्यावर मी घाबरत घाबरत त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि काका काय समजून बसलेत ते सांगितलं. बबनराव माझ्याकडे बघतच राहिले.

"गुडघा? अहो, हा तर लुनावरून पडलो तेव्हा गेला! फायनलच्या महिनाभरानं. सीताबर्डीवर म्हैस आडवी आली. तिला जाऊन विचारा म्हणावं, अच्याचा काय संबंध?"

मला हसू आवरेना. तेही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"फायनलला मी उतरलोच नाही," ते म्हणाले. "कप्तानानं दुसरा उभा केला होता माझ्या बाजूला. त्यानं हात पुढं केला. मी धरला... अन् सोडून दिला. शर्ट घातला, बाहेर जाऊन बसलो. लोकांनी बम शिव्या घातल्या. त्याच्यानंतर मैदानावर गेलोच नाही मी." त्यांनी माझ्याजवळच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेमागे फोन नंबर लिहून दिला. "त्याला गुडघ्याचं सांगा. हे बाकीचं नका सांगू."

जानेवारीत मी परत आलो. काकांनी विमानतळावरून घरी आणताना लग्नाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, नागपूरच्या रस्त्यांचं विचारलं. बबनचं विचारलं नाही. मी विषय काढला की ते म्हणत, "आधी शोव्हल करून घेऊ." फेब्रुवारी गेला, मार्च गेला. इतकं शोव्हलिंग मी आयुष्यात केलं नाही.

एप्रिलअखेरच्या शनिवारी पुन्हा स्प्रिंग प्रॅक्टिस सुरू झाली. या वर्षी डिफेन्स बरा वाटत होता. बेचाळीस नंबर आता मान वर ठेवून धडकत होता, मागच्या फळीत दोन उंच पोरं आली होती. काकांनी पंधरा मिनिटं पाहिलं, वहीत काही लिहिलं नाही, आणि मैदानावरची नजर न काढता विचारलं,

"आहे न तो?"

"आहेत काका. चांगले आहेत." मी म्हशीचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. म्हटलं, आता हे हसतील.

काका हसले नाहीत.

"म्हणजे फायनलला गुडघा शाबूत होता त्याचा," ते म्हणाले.

"हो."

"मग हरले कसे?"

मी थर्मासचं झाकण लावायला लागलो. ते आधीच लागलेलं होतं.

"उतरला नाही न तो?" काका म्हणाले.

मला खोटं बोलता आलं नाही. मी होकारार्थी मान हलवली. काका उठले. "गाडीची चावी द्या," म्हणाले. परदेशी स्वस्तात फोन करायचं कॉलिंग कार्ड त्यांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात होतं. इंडियन ग्रोसरीत मिळतं तसलं, पिन नंबरवरची चंदेरी पट्टी केव्हाच खरडून ठेवलेली. बाहेर बारीक गार पाऊस सुरू झाला होता. आम्ही गाडीत बसलो. तो लांबलचक पिन नंबर आणि मग पत्रिकेमागचा बबनरावांचा नंबर मी माझ्या मोबाइलवर दाबला आणि फोन काकांच्या हातात दिला. नागपुरात संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. मी उतरायला लागलो तर त्यांनी माझी बाही धरून मला बसवलं.

पलीकडून "हॅलो" आलं. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पुन्हा "हॅलो, कोण?" आलं.

"मी," काका म्हणाले.

त्या कार्डांवर खरखर फार असायची, तेवढीच ऐकू येत होती.

"जेवला का बे?" शेवटी काकांनी विचारलं.

"नाही अजून. तू?"

"इथं सकाळ आहे."

"सकाळ आहे? मग न्याहारी केली का?"

"केली. पोहे."

एवढंच. चढाई नाही, फायनल नाही, चिठ्ठी नाही. भाव काय, थंडी किती, डोळ्याचं ऑपरेशन झालं का, तुला नातवंडं किती. मध्येच बबनराव काहीतरी बोलले आणि काका मान मागे टाकून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग कार्डातल्या बाईने इंग्रजीत सांगितलं, की एक मिनिट उरलं आहे. काका घाईघाईने म्हणाले, "बबन, ऐक..." आणि ते मिनिट दोघांनी गप्प राहून घालवलं.

फोन बंद झाला. काका तो हातात धरून काचेतून समोर बघत बसले. पावसात कोच डग ओरडत होता, पोरं धावत होती.

"आवाज म्हातारा झाला हो त्याचा," काका म्हणाले. "मी आपला इतकी वर्षं मनात सव्वीसच्या बबनशी बोलून राहिलो होतो."

मी हीटर वाढवला. प्रॅक्टिस आणखी तासभर चालली. काका गाडीतून उतरले नाहीत.