भिलाईची मनीऑर्डर

इन्कमटॅक्सवाले पोस्टात बसून कोणाकडे किती मनीऑर्डरी येतात ते टिपून घेतात, ही बातमी बळीरामने इतवारीत मिरच्या घेताना ऐकली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बायको प्रेमिला घरी काळा मसाला कुटायची. भिलाईपासून मुंबईपर्यंत पांगलेले नागपूरकर तो पार्सलने मागवायचे आणि पैसे मनीऑर्डरने धाडायचे. सगळ्या मनीऑर्डरी बळीरामच्याच नावावर.

बळीरामने शक्कल लढवली. मनीऑर्डरी शेजाऱ्यांच्या नावांवर वाटून टाकल्या की सरकारला कसला पत्ता लागतो! गिऱ्हाइकांना तशी कार्डं गेली, शेजाऱ्यांनाही एकेकाला गाठून सांगून झालं. राहिली फक्त अंजनाबाई. ती लेकीकडे गेली होती. परतली की सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं.

आणि नेमकी भिलाईची मनीऑर्डर तिच्या दारात आली. तिचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात लागला होता, पण लागल्यापासून त्याने आईला दमडी धाडली नव्हती. नत्थूजी पोस्टमन "भिलाईहून पैसे आले" म्हणाला मात्र, म्हातारीने अंगठा उठवला, नोटा कपाळाला लावल्या आणि गल्लीभर सांगत सुटली, "माह्या पोराले माही आठवण आली गा." आपले पैसे मागायला गेलेला बळीराम तिच्या हातचा गूळ खाऊन परत आला.

"तुम्ही काहून नाही सांगतलं?" प्रेमिलाने विचारलं.

"मग तू सांग ना वं."

ती तरातरा गेली आणि तीही गूळ घेऊन आली.

दर महिन्याला हेच. भिलाईचं गिऱ्हाईक मोठं. त्याचा मसाला असा फुकटच जाऊ लागला. शेवटी काय व्हायचं ते होवो म्हणून बळीराम इन्कमटॅक्सच्या कचेरीत गेला आणि सगळं कबूल करून बसला. साहेबांनी मिरच्या-मसाल्याचा खर्च वजा करून पाहिला आणि त्याच्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "अहो, कर लागायला आधी तेवढं उत्पन्न लागतं. जा घरी." सुटल्याचा आनंद झालाच, पण त्याहून जास्त अपमान वाटला. इतकं घाबरावं, आणि सरकारने आपल्याला हिशेबातही धरू नये!

त्याच तिरमिरीत तो अंजनाबाईकडे निघाला. आज खरं सांगून टाकायचंच होतं. ती ओट्यावर बायांत बसली होती. त्याने तोंड उघडायच्या आत तिने कमरेची पुरचुंडी काढून त्याच्या हातात दिली. एकही नोट मोडलेली नव्हती.

"तुह्या धंद्यात ठेव बाबा. म्हातारपणाले कामी येतीन." मग ती हळूच म्हणाली, "पण एवढ्या पैशासाठी इन्कमटॅक्सवाले तं नाही येणार ना गा माह्या मागं?"

ओट्यावरच्या बायांनी कान टवकारले. बळीरामला साहेबांचा चहा आठवला.

"जपून राहजो, माय," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "भिलाईच्या पैशावर लय नजर हाये त्याइची."

अंजनाबाईने पदर सावरला आणि ओट्यावर जराशी ऐसपैस बसली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांना जुन्या नावाची कार्डं गेली. भिलाईला तेवढं गेलं नाही.