पाच स्टारचे कैलासवासी

ऑनलाइन प्रोफाइल आपलं आपणच काढायचं, असं मी त्या मंगळवारी सकाळी चहा पिताना ठरवलं आणि तिथंच माझा घात झाला. मुलगी अंतरा पुण्यात असते. शनिवारी येऊन करून देते म्हणाली होती. पण सत्तावीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला चार रकाने भरता येऊ नयेत? (येत नाहीत. आता कबूल करतो.)

शनिवारपर्यंत थांबायला सवडही नव्हती. हल्ली आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतसुद्धा नळ गळला की लोक मोबाइलवर बोट फिरवतात आणि टोपी-गणवेशातला माणूस दारात हजर होतो. मला महिन्याभरात तीन फोन आले होते, त्यातला एक राँग नंबर. नव्या अपार्टमेंटचे चेअरमन विजयसिंह अठ्ठेचाळीस फ्लॅटचं वर्षभराचं काम मला द्यायला तयार होते. पण म्हणाले, "कमिटीला तुमचं प्रोफाइल दाखवाय पायजे. मंगळवारी संध्याकाळी पाचला मीटिंग हाय." हे काम हुकलं तर एक तारखेपासून एमआयडीसीत वॉचमन म्हणून उभं राहायचं, असं मी आणि लीलानं, म्हणजे बायकोनं, ठरवून ठेवलं होतं. पन्नाशीत दुसऱ्याच्या गेटवर सलाम ठोकायचा, या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

प्रोफाइल कसं काढावं याचा एक व्हिडिओ मी दोनदा पाहिला. त्यातली बाई म्हणाली, फोटो साधा आणि चेहरा ठळक हवा, अनुभव आकड्यात लिहा, ओळखीच्यांकडून चार चांगले शब्द मागा. माझा एकच बरा फोटो होता, साडूकडच्या जेवणातला. त्यात पांढऱ्या शर्टावर तांबड्या रश्श्याचा ओघळ होता. फोटो कृष्णधवल केला, ओघळ गायब! चेहराही कसा शांत दिसायला लागला. खाली लिहिलं, 'माधव प्लंबर. १९९८ – २०२५. अखंड सेवा.' हे सगळं मी तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'लिंकवर दोन चांगले शब्द लिहावेत, ही विनंती' असं जोडलं आणि गारगोटीला एका घराच्या टाकीचं काम होतं म्हणून आठची एसटी पकडली. व्हिडिओ पाहून पाहून मोबाइल वाटेतच बंद पडला.

संध्याकाळी सातला परत आलो तर आमच्या दारात चपलांचा ढीग आणि गल्लीभर माणसं. वरच्या मजल्यावरच्या बयाबाई नव्वदीच्या. मी समजायचं ते समजलो. टोपी काढली आणि हात जोडून सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते.

"कधी झालं?" मी हळूच विचारलं.

"सकाळीच की. ग्रुपवर आलंतं."

"काय झालंतं पण?"

"पाण्याच्या टाकीत पडला म्हणत्यात. गारगोटीला गेलता कामाला."

म्हणजे बयाबाई नव्हेत. आमच्याच धंद्यातला माणूस! मला गलबलून आलं. "अवो, मी दिवसभर गारगोटीतच होतो की! मला कोण काय बोललं न्हाय."

"तुम्ही व्हता व्हय बाहेर काढताना?"

"न्हाय, न्हाय. नाव काय त्याचं?"

"माधव प्लंबर."

मी जोडलेले हात तसेच ठेवले. दुसरं काय करणार?

"लई भला माणूस," ते म्हणाले. "तुम्ही कोण त्याचं, पावणं?"

तेवढ्यात लीला दारात आली. झालं होतं असं, की दुपारी शेजारच्या धोंडुबाई ग्रुपवरचा माझा फोटो बघून गळा काढतच आत शिरल्या. लीलानं त्यांना सांगितलं, ते गारगोटीला टाकीत उतरलेत, फोन लागत नाही. धोंडुबाईंनी तेवढंच बाहेर नेलं आणि मरणाला कारणही मिळालं. मग माणसं येत गेली, फोन लागेना, आणि तास-दोन तासांनी लीलानंही खरं मानलं. आता तिनं मला पाहिलं, माझे दोन्ही दंड धरून मला हलवून बघितलं आणि सगळ्यांसमोर हमसून रडली.

"अवो, फोन का बंद ठेवला?"

"बॅटरी संपली गं."

"आन् मी काय समजायचं?"

तिला असं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मला माझी फार लाज वाटली. गर्दीतून कुणीतरी "जिता हाय की ह्यो!" असं ओरडलं, पण त्या आवाजात आनंदापेक्षा तक्रारच जास्त होती.

इतक्यात चेअरमन विजयसिंह आले. बरोबर माझा मित्र इकबाल, तोही प्लंबरच. त्याच्या हातात हार होता आणि डोळे सुजलेले होते. हार कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"साहेब, मी जिवंत हाय," मी म्हणालो.

"व्हय, दिसतंय," विजयसिंह म्हणाले. "पण मीटिंग झाली की. दोन मिनिटं स्तब्ध उभारलो, आन् तुमच्या स्मरणार्थ काम इकबालभाईंना दिलं. एकमतानं."

"मग आता बदला की!"

"कसं बदलणार? इतिवृत्तात लिवलंय, सह्या झाल्यात. तुम्ही जिवंत झाला म्हणून परत मीटिंग लावली, तर कोरम तरी हुईल काय आमचा?"

इकबालनं माझा हात धरला. "माधवा, माझ्यासंगं चल कामाला. मला एकट्याला न्हाय जमायचं." आम्ही दोघंही रडलो. (तो मी जिवंत म्हणून, मी अठ्ठेचाळीस फ्लॅट गेले म्हणून.)

मग मोबाइल चार्ज करून प्रोफाइल उघडलं. एकशे बासष्ट अभिप्राय! 'बोलावल्यावर चौथ्या दिवशी का होईना, यायचाच. पाच स्टार.' 'आमच्या मोरीचा नळ त्यांच्याच हातचा. अजून गळतो. आठवण येत राहील. पाच स्टार.' 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पाच स्टार.' मी ग्रुपवर लिहिलं, 'मी जिवंत आहे.' लगेच उत्तर आलं, 'घरच्यांनी मयताचा मोबाइल कुणाच्या हाती देऊ नये.' अंतराला फोन करून प्रोफाइल काढून टाक म्हणालो, तर ती म्हणाली, "बाबा, असू दे. असं रेटिंग अख्ख्या कोल्हापुरात कुणाचं नसेल."

आता मी इकबालच्या हाताखाली त्याच अपार्टमेंटमध्ये जातो. वॉचमन व्हायचं टळलं, एवढंच. प्रोफाइलवरचा माझा चेहरा इतका शांत आहे, की मी समोर उभा राहूनही मला कुणी ओळखत नाही. गेल्या आठवड्यात ऋता मॅडमच्या सिंकचं काम होतं. पान्हा खाली विसरला म्हणून मी एकदा उतरलो, वॉशर चुकीचा आणला म्हणून पुन्हा उतरलो. शेवटी पाणी थांबलं.

"जमलं एकदाचं," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू का, आमचं काम त्या माधव प्लंबरना मिळणार होतं. सगळे रिव्ह्यू वाचलेत मी त्यांचे. ते असते तर एका फेरीत झालं असतं."

इकबाल खाली मान घालून पाइप पुसत बसला. मला त्या माणसाचा मनापासून हेवा वाटला.

"व्हय मॅडम," मी म्हणालो. "त्यांची सर आम्हाला कुठली?"