चपलेचा नंबर

घटक चाचणीतला गणिताचा पेपर राजनंदिनीनं अर्धा कोराच दिला, हे कळल्यावर हिंमतरावांनी सुनेला बजावून सांगितलं की उजळणी आता त्यांच्याकडे. आठवड्यात पोरगी अपूर्णांक चिंचोक्यांसारखे खेळवेल. सून शर्मिलानं नुसतं न्हाणीघराकडे पाहिलं. सासऱ्यांनी हाती घेतलेला गीझर अजून दुरुस्तीला पडलेला होता.

यवतमाळहून हडपसरला येऊन या मंडळींना वर्ष होत आलं होतं. सातवीतल्या राजनंदिनीनं नव्या शाळेत पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा तिच्या वऱ्हाडी बोलण्यावर वर्ग हसला. तेव्हापासून तिनं हात वर करणंच सोडलं. शंका विचारायची नाही, म्हणजे गणित अडणारच. हिंमतरावांना त्या कोऱ्या पेपरापेक्षा तिचं हे गप्प बसणं जास्त लागत होतं.

रविवारी त्यांनी वारंवारता सारणीचा, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येतो ते मांडण्याचा, धडा काढला. पुस्तकातली उदाहरणं त्यांना बेचव वाटली. माहिती स्वतः गोळा करायची, असं ठरवून त्यांनी नातीला वही-पेन्सिल दिली आणि इमारतीतल्या प्रत्येकाच्या चपलेचा नंबर विचारायला तिला बाहेर काढलं.

"मी नाही विचारणार, आबा. हसतील."

"काऊन हसतील वं? मी आहो ना मागं."

तळमजल्यावरच्या बिलकिस आपांनी दार उघडलं. राजनंदिनीनं जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं. आपांनी नंबर सांगितला आणि कशासाठी हवा, म्हणून चौकशी केली. गणिताचं नाव काढलं तर पोर पुन्हा बिचकेल, म्हणून हिंमतराव ऐटीत म्हणाले, "संध्याकाळी कळेल सगळ्यांना."

तिथंच घोटाळा झाला. प्रत्येक दारात ते हेच म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सचिव प्रज्ञेश यांनी दोन आणि दोन जोडून सात केले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'हिंमतराव आजोबांकडून सर्व सभासदांना पादत्राणे. वाटप संध्याकाळी, पार्किंगमध्ये.' हिंमतराव ग्रुपवर नव्हते. दुपारनंतर लोक आपण होऊन दारी येऊ लागले, तेव्हा उजळणीचं यांना कळलंच असणार, असं धरून शेजाऱ्यांची गणिताची एवढी आवड पाहून ते भारावून गेले. एकानं कसबा पेठेतल्या मेहुण्याचाही नंबर दिला. एकीनं टाच बेताची हवी, असं कळवलं. राजनंदिनीनं तेही लिहून घेतलं. एव्हाना ती बोलायला धजावली होती. आबा मागे राहिले तरी पुढचं दार वाजवत होती.

संध्याकाळी शर्मिलानं खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये लग्नाला जमावी तशी गर्दी. आकडे ऐकायलाच लोक जमले, असं समजून आजोबा-नात वही घेऊन खाली उतरले. प्रज्ञेशनं शाल आणि नारळ पुढे केला. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "हे पुण्याचे नाहीत, हे मी तेव्हाच ओळखलं. फुकट देतायत."

हिंमतरावांच्या खांद्यावर शाल पडली आणि सगळा उलगडा झाला. आबांचे कान लाल झालेले राजनंदिनीनं पाहिले. ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चढली.

"चपला नाहीत," ती म्हणाली. "आबा मले वारंवारता सारणी शिकवत होते."

'मले' ऐकून मागं कुणीतरी हसलं. तिनं आबांकडे पाहिलं. मग वही उघडून तिनं ताळ्याच्या खुणा दाखवल्या: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदून जाणारी. सगळ्यात जास्त वारंवारता आठ नंबरची, छत्तीसांत नऊ. "नऊ छेद छत्तीस म्हणजे एक छेद चार. म्हणजे इथले पाव लोक आठ नंबर घालतात."

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. बिलकिस आपा म्हणाल्या, "बेटा, ते पाव कसं आलं? पुन्हा सांग, सावकाश."

तिनं सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. हिंमतराव शालीच्या टोकानं डोळे पुसत होते. लोकांना वाटलं, ओशाळले बिचारे. प्रज्ञेशनं शाल परत मागायचं टाळलं, नारळ मात्र काढून घेतला.

घरी आल्यावर शर्मिलानं लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि सासऱ्यांना आपण होऊन चहा दिला. कप बशीत ठेवत हिंमतरावांनी पुस्तकाचं पान उलटलं.

"पुढचा धडा सरासरीचा. उद्या इमारतीतल्या बायांची वयं विचारून येऊ."

राजनंदिनी पेन्सिल घेऊन उठलीसुद्धा. शर्मिलानं जाऊन दाराला कडी घातली.