नानांना न पटलेली गरिबी

आमच्या शेजारचे नाना रोज संध्याकाळी आमच्याकडे गरिबी बघायला येतात. टीव्हीवरची. त्यांच्या घरी टीव्ही आहे, पण रिचार्ज महागल्यापासून त्यांनी त्याच्यावर धुतलेलं फडकं घालून त्याला कोपऱ्यात बसवलंय. चपला दाराशी काढायच्या, पंख्याखालची खुर्ची धरायची आणि मालिका सुरू व्हायच्या आधीच नकारार्थी मान हलवायला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. पोटासाठी जळगावात आले आणि डाळ मिलमध्ये पोती वाहता वाहता म्हातारे झाले. एरवी माझ्याशी बोलताना जपून शुद्ध बोलतात, पण समोर मालिकेतलं गरीब कुटुंब आलं की त्यांचा धीर सुटतो.

"हाई काही खरं नही!"

हे त्यांचं पालुपद. मालिकेतल्या गरीब बाईचं स्वयंपाकघर आमच्या बैठकीच्या दुप्पट असतं, ते नानांना चालत नाही. तिच्या साडीला रोज इस्त्री असते, तेही चालत नाही. एकदा त्या बिचारीने सासू बोलली म्हणून कणकेची परात भिरकावली. आम्ही सगळे सासूवर चिडलो. नाना कणकेवर अडकले.

"कणीक वाया गई ना! आते रडीसन काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी एका गुंडाने भाजीची गाडी लाथेने उलटवली, तेव्हा तर ते खुर्चीतून उठलेच. "टमाटा! या भावमा कोणी टमाटा फेकस का?" आमच्या ह्यांनी समजावलं की नाना, ते शूटिंग असतं, टोमॅटो पुन्हा उचलतात. नानांनी विचारलं, "आणि जे फुटनात ते?" ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बातम्यांनाही सुटका नाही. महागाईवर बोलणाऱ्या बाईच्या हातात रिकामी पिशवी दाखवली, तर नाना टीव्हीजवळ जाऊन बघून आले आणि म्हणाले, ही बाई बाजारात गेलेलीच नाही, पिशवीची घडी मोडलेली नाही. मला खरं तर वैताग यायचा. दिवसभराचं काम उरकून जरा रडावं म्हणून बसावं, तर शेजारी हे परीक्षक.

अशा माणसाच्या घरी सिनेमावाले आले, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. धुळ्याची एक तरुण बाई महागाईवर छोटा सिनेमा करत होती. तिला कामगाराघरचं जुनं स्वयंपाकघर हवं होतं. आमच्या भागातल्या बाकी सगळ्यांनी नव्या टाइल्स बसवल्या. नानांचं मात्र अक्का, म्हणजे त्यांची बायको, ठेवून गेल्या तसंच होतं. तीच फळी, तेच पितळेचे डबे. बाईंनी घर बघितलं आणि तिथेच ठरवून टाकलं. नाना इतके खूश झाले की त्यांनी गल्लीभर सांगितलं, "आते खरी गरिबी दिसई."

आदल्या संध्याकाळी सिनेमाच्या मंडळींनी स्वयंपाकघर सजवलं. भिंतीला काजळी फासली, कोपऱ्यांत खोटी कोळिष्टकं लावली, डब्यांवर काळपट रंग चोपडला. चांगलं काम झालं म्हणून समाधानाने मुक्कामावर गेली. सकाळी येऊन बघतात तर भिंत पांढरी, डबे लखलखीत, आणि नाना बाह्या सरसावून फरशीवर सोड्याचं पाणी ओतताहेत.

"नाना, हे काय केलंत?" बाई दारातूनच ओरडल्या.

"घर गरीब शे, घाणेरडं नही," नाना अक्कांच्या डब्यांकडे हात करून म्हणाले. "तिच्या स्वयंपाकघरात कोळिष्टक? लोक काय म्हणतील तिला?"

एका माणसाने डोक्याला हात लावला. पुन्हा काळं करायला वेळ नव्हता आणि नाना हातातला ब्रश सोडायला तयार नव्हते. शेवटी बाई हसायला लागल्या आणि म्हणाल्या, चला, स्वच्छ गरिबी करू. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

प्रसंग असा होता की नटीने डाळीचा डबा उघडायचा, तो रिकामा बघायचा आणि रडायचं. नाना लगेच म्हणाले, "डबा रिकामा नसतो."

"मग?"

नाना जरा घुटमळले. मग खाली बसले आणि सांगायला लागले. डाळ कडाडली होती ती वर्षं. मिलमध्ये डाळीचे डोंगर, नानांच्या कानात, भुवयांत डाळीची धूळ. अक्का म्हणायच्या, तुमचे कान झटकले तरी वाटीभर वरण होईल. पण घरच्या डब्यात डाळ टिकायची नाही. नानांना मिलची सवय. घरी आले की आधी डबा उघडायचा, डाळीवरून हात फिरवायचा. नवऱ्याला घोर लागू नये म्हणून अक्कांनी डब्याच्या तळाशी मोठी वाटी उलटी ठेवली आणि तिच्यावर डाळ पसरली. वरून बघावं तर डबा भरलेला.

"पण हात फिरवला की बोटाला वाटी लागायची," नाना म्हणाले. "मी म्हणायचो, 'भरपूर शे,' आणि झाकण लावायचो. ती तिकडे तोंड करून भाकरी थापायची. मला वरण वाढायची आणि स्वतः ठेच्याशी खायची."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना? की तुम्हाला कळलंय?"

"कसं सांगणार? एवढी झाकपाक केलेली तिने. म्हटलं, हात जरा मोकळा झाला की सांगू. दोघं हसू." नानांनी ओला ब्रश बादलीत ठेवला. "मग दिवस बरे आले. रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि ती अशी गेली, की ताप आला म्हणता म्हणता गेली."

बाईंनी कागदावरचा प्रसंग तिथल्या तिथे बदलला. नानांची अट एकच होती, नटीने रडायचं नाही. पदर कसा खोचायचा, झाकण कसं काढायचं, डाळ कशी पसरायची, हे नानांनी स्वतः दाखवलं. पदर खोचून दाखवताना त्यांनी आपल्या धोतराचा सोगा कमरेला खोचला. एरवी मी हसले असते.

सिनेमा तयार झाला तेव्हा बाईंनी तो मोबाईलवर पाठवला. रविवारी दुपारी आम्ही तो टीव्हीला जोडला. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खुर्चीत न बसता सतरंजीवर, अगदी पुढे जाऊन बसले. अक्कांचा हलताबोलता असा काहीच ठेवा त्यांच्याकडे नव्हता. एक फोटो, तोही रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात त्या घाबरल्यासारख्या दिसतात.

पडद्यावर नानांचं स्वयंपाकघर आलं. पाठमोरी बाई आत आली. तिने पदर खोचला, फळीवरचा डबा काढला, वाटी उपडी करून तळाशी ठेवली आणि वरून डाळ पसरायला लागली. आम्ही नानांच्या पालुपदाची वाट बघत होतो. ह्यांनी मला डोळ्याने खुणावलंसुद्धा.

नाना गुडघ्यांवर पुढे सरकले. इतक्या हळू आवाजात ते बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"माले ठाऊक व्हतं वं. बठ्ठं ठाऊक व्हतं. ती वाटी काढी टाक आते. तू बी जेवी ले."

बाईने झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि ती पडद्यावरून निघून गेली. मागे नुसतं स्वयंपाकघर उरलं. नाना तिथेच बघत राहिले, ती काही म्हणेल म्हणून.