आऊसाहेब हसल्या ती छबी गमावली आणि मिळविली, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, लिहिणारास स्मरण असो, वाचणारास धीर असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघ मासी एका राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण त्यातील सर्व मंडळी हयात आहेत आणि वाचतात. लिहिणार कोण हे पुसू नये; हुरडा त्यानेही खाल्ला आहे.

ते राज्यी सरकार सुखरूप नांदत होते, वय वर्षे अठ्ठावन्न, आणि त्यांच्या मातोश्री आऊसाहेब, वय वर्षे ब्याऐंशी. आऊसाहेब बोलण्यात मोठ्या मिस्कील, भल्याभल्यांस हसवून रडवीत. परंतु छबी काढावयास कोणी कॅमेरा उचलिला की मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोरील भिंतीवर, जैसे कोणी निकाल वाचून दाखवितो आहे. सरकारांचे बारसे, मुंज, लग्न आणि राज्यारोहण, चारी प्रसंगी चेहरा तोच. सरकारांचे मनी बहुत वर्षे एकच हौस, की आईची हसरी छबी एक तरी दिवाणखान्यात लागावी. तो माघात मळ्यावर हुरड्याचा बेत जाहला, आगटी पेटली, कणसे भाजली, चटण्या मांडिल्या, आणि सरकारांस बसावयास घडीची खुर्ची आणिली. सरकार बसले आणि खुर्ची मिटली. मग सरकार ताटासह जमिनीवर आले, पाय वर जाहले, डोईचा मंदिल गडगडत आगटीच्या राखेत गेला, आणि दरबारी मंडळी कोणते तोंड करावे याचा विचार करीत आहेत तो आऊसाहेब हसल्या. तोंडास पदर न लाविता, मागे रेलून, डोळां पाणी येईतो हसल्या. आणि छबीनवीस कान्होजी गव्हाणे समोर उभे होते, त्यांनी नेमका तोच क्षण टिपिला. सरकार राख झटकीत उठले आणि पहिला शब्द बोलिले तो हा, "कान्होजी, आलं का?" कान्होजी बोलिले, "आलं सरकार. तुम्हीपण आलात, खालच्या बाजूला." सरकार बोलिले, "माझं राहू द्या."

त्या दिवशीच्या छबी एकंदर चारशे बारा, सर्व एका नखाएवढ्या कार्डात. ते कार्ड तोशेखान्याचे कारकून त्रिंबकपंत यांचेकडे पावते जाहले, की संगणकात उतरवून घ्यावे. आता तोशेखान्याची चाल सांगितली पाहिजे. धान्याची गोण आली की ती रिती करावी, उलटी करून झटकून दाखवावी, तेव्हाच पावती. आणि दुसरी चाल अशी, की कोणाचे भांडे रिते परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी. पंतांची तीस वर्षे या दोन चालींवर निर्वेध गेली होती. पंतांनी कार्ड संगणकास लाविले, तो पडद्यावर लहान लहान छबी ओळीने उमटल्या. त्या निव्वळ वानगी होत्या, माल अद्याप कार्डातच. परंतु पंतांस वाटले, माल पावला. ज्यांनी जन्मभर वानगी पाहून गोण घेतली नाही, ते त्या दिवशी वानगी पाहून तृप्त जाहले. मग चालीप्रमाणे कार्ड रिते केले, ओढून काढिले, उलटे धरून झटकिलेही. मग रिते कसे द्यावे म्हणोन पुन्हा लाविले आणि आपल्या फोनातील सहा चित्रे त्यात साखर म्हणोन घातली. एक कुलदेवतेचे, आणि पाच गुलाबाची फुले, ज्यांवर शुभ सकाळ लिहिले होते. आणि कार्ड कागदात गुंडाळून कान्होजींस सन्मानाने परत केले.

दुसरे दिवशी सकाळी सरकार मोठ्या उमेदीने तोशेखान्यात आले आणि बोलिले, "पंत, आईची दाखवा." पंतांनी वानगीवर बोट ठेविले, तो संगणकाने लिहिले की मूळ सापडत नाही. दुसरीवर ठेविले, तेच. मग कार्ड आणविले, तो आत गुलाब. सरकारांनी पाची गुलाब पाहिले आणि हळू आवाजात बोलिले, "पंत, घाटावरच्या चौकीवर एक जागा रिकामी आहे. तिथे माकडं आहेत, माणूस नाही. आईची छबी न मिळाल्यास उद्या निघावं." पंतांनी हात जोडिले. ते बोलिले, "सरकार, मी झटकूनसुद्धा पाहिलं होतं." सरकार बोलिले, "तेच तर."

मग कान्होजींनी सुचविले की पेठेत शहनाजबी तांबोळी म्हणोन एक बाई फोन आणि संगणक दुरुस्त करितात, त्यांस बोलवावे. शहनाजबी आल्या, चहा घेतला, आणि पुसिले, "कार्डात नंतर काही घातलंत?" पंत बोलिले, "थोडीशी साखर." शहनाजबींनी कार्डाच्या खाचा तपासल्या, मुंगी दिसेना. तेव्हा कान्होजींनी गुलाबांची हकीकत सांगितली. शहनाजबींनी कपाळास हात लाविला आणि बोलिल्या, "पंतकाका, नीट ऐका. डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली एवढंच. माणसं घरातच असतात. पण तुम्ही त्या घरात सहा भाडेकरू घुसवले. त्यांनी कुणाकुणाला बाहेर काढलं ते आता बघायचं. तोवर या कार्डात कुणी काही घालायचं नाही. साखर नाही, अंगारा नाही, काही नाही." पंतांचा हात अंगाऱ्याच्या पुडीकडे गेला होता, तो मागे आला.

मग शहनाजबींनी कार्ड आपल्या संगणकास लाविले आणि शोधणारी करामत चालू केली, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. कारभारी आले, सेनापती आले, मुदपाकखान्यातील मंडळी हात पुसत आली, आणि सर्व राज्य त्या पट्टीसमोर बसले. दोन प्रहरांची जेवणे तेथेच जाहली. सेनापतींनी पुसिले, "जरा ढकलता येत नाही का?" शहनाजबी बोलिल्या, "तुम्ही मागे सरकलात तरी पुष्कळ." मग एकेक छबी परत येऊ लागली, नावे जाऊन नुसते आकडे जाहले होते परंतु चेहरे शाबूत होते. कणसे आली, चटण्या आल्या, कारभारी तिसऱ्यांदा वाढून घेताना आले, आणि कारभाऱ्यांनी पुसिले की सर्वच परत आणणे आवश्यक आहे काय. पंत कोपऱ्यात उभे राहून प्रत्येक छबीस नमस्कार करीत होते. संध्याकाळचे चार वाजता हिशेब लागला, की चारशे सहा सबंध मिळाल्या, पाच साफ बुडाल्या, त्या केवळ वांग्याच्या भरिताच्या होत्या. आणि एक अर्धी मिळाली. ती तीच.

वरील अर्ध्यात आऊसाहेब, मागे रेललेल्या, डोळां पाणी, हास्य सबंध. कमरेखाली मात्र करडा पडदा, जैसे कोणी भिंत लिंपिली. सरकार जेथे पडले होते तेथे एक गुलाब राहावयास आला होता. दरबारी मंडळी मनी संतोषली, की ईश्वराने राखावयाचे ते राखिले आणि झाकावयाचे ते झाकिले. सरकारही निवले, पंतांकडे पाहून बोलिले, "चौकी राहू द्या." आणि छबी आऊसाहेबांपुढे नेली.

आऊसाहेबांनी चष्मा लाविला, बहुत वेळ पाहिले आणि पुसिले, "बाब्या, तू कुठायस?" सरकार बोलिले, "मी खाली होतो आई. तेवढं गेलं." आऊसाहेब बोलिल्या, "मग ही भिंतीवर लावू नकोस. लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला, एकटीच बसून हसते. मी हसले ते तुला बघून." आणि चष्मा काढून ठेविला.

सरकारांनी छबी बाजूस ठेविली. मग बोलिले, "खुर्ची कुठे आहे ती?"

दुसरे दिवशी तिसरे प्रहरी सर्व लवाजमा पुन्हा मळ्यावर गेला. तीच आगटी, तेच ताट, तीच खुर्ची. सरकार बसले, खुर्ची मिटेना. पुन्हा बसले, मिटेना. सेनापती बसले, कारभारी बसले, खुर्ची ऐशी भक्कम की जणू सागवानी. अखेर सरकार आपण होऊन जमिनीवर आडवे जाहले, पाय वर केले, आणि पंतांनी मंदिल स्वहस्ते राखेत ठेविला. आऊसाहेब हसल्या नाहीत, परंतु जागेवरून हुकूम देत राहिल्या, "डावा पाय जास्त वर होता. तोंड उघडं ठेव, तेव्हा उघडं होतं. हां, आता घाबरल्यासारखा दिस." कान्होजींनी छबी घेतली, आणि जुनीची वरची अर्धी व नवीची खालची अर्धी शहनाजबींनी जोडून दिली. त्या छबीस आऊसाहेबांनी मान्यता दिली.

छबी दिवाणखान्यात लागली आहे. वर ऊन सकाळचे आहे आणि खाली सावल्या तिसऱ्या प्रहरच्या. आऊसाहेबांचे लुगडे कमरेपर्यंत हिरवे आणि पुढे जांभळे. हे आजवर राज्यात कोणाच्या ध्यानी आले नाही. तोशेखान्याची चालही दुरुस्त जाहली, की माल दोन ठिकाणी उतरून उघडून पाहिल्याखेरीज कार्ड रिते करू नये, आणि साखर घालणे तर ती कान्होजींच्या तळहातावर घालावी.

एवंच छबी चारशे बारा. पैकी चारशे सहा अस्सल, पाच बुडीत, आणि एक वरून अस्सल व खालून सरकारांची मेहनत. शहनाजबींस शालजोडी दिली, पंत जागेवर राहिले, आणि आऊसाहेब जातायेता त्या छबीपुढे थांबतात आणि हसतात. ते हसू टिपावयास कोणी कॅमेरा उचलिला की मान ताठ, ओठ मिटलेले. इतके वर्तमान.