नमुना दावेदार

एकोणतीस वर्षांत मला एकही माणूस फसवू शकलेला नाही, असं श्यामसुंदररावांचं म्हणणं. म्हणणं कसलं, जाहीरनामाच तो. टिळक रोडवरच्या एका विमा कंपनीत ते कामगारांच्या अपघाती नुकसानभरपाईचे दावे तपासतात. कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कुणी परांचीवरून पडलं, की कागद यांच्या टेबलावर. दावेदाराला भेटायचं मात्र नाही. "माणूस कशाला बघायचा? माणूस रडतो, कागद रडत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय, की आता ते अर्ध्यावर आले की शिपाई पुरं करतो.

अशा माणसाला नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला उभं केलं तर काय होईल? जे व्हायचं तेच झालं.

कंपनीने वीस नवे अधिकारी घेतले आणि त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण श्यामसुंदररावांवर सोपवलं. मागच्या खुर्चीत प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख कादंबरी मॅडम वही घेऊन बसणार होत्या. निवृत्तीला आठ महिने उरलेले. शिकवणं जमलं तर पुढेही प्रशिक्षक म्हणून ठेवून घेऊ, असं मॅडमनी आडून सुचवलं होतं. श्यामसुंदररावांनी त्यासाठी नवा शर्ट घेतला, तोही सेल लागलेला नसताना. पुण्यात मन लावून तयारी केल्याचा याहून मोठा पुरावा लागत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी खोट्या दावेदाराची लक्षणं उतरवून दिली. तो तारीख-वेळ धडाधड सांगतो. न विचारता तपशील देतो. कागद जिवापाड जपतो. खुर्चीत बसताना 'आई गं' म्हणतो. सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. ऋतिका नावाच्या एकाच मुलीने हात वर केला.

"सर, मग खरा दावेदार कसा असतो?"

"विरळा असतो," श्यामसुंदरराव म्हणाले आणि चहाची सुट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. प्रायोगिक नाटकांत काम करणारा शौनक नावाचा नट ठरवलेला. त्याने जखमी हमाल बनून यायचं, अधिकाऱ्यांनी त्याची उलटतपासणी घ्यायची, 'नमुना' असा शिक्का मारलेला फॉर्म भरायचा आणि दावा खरा की खोटा ते ठरवायचं. वेळ साडेदहाची. अकरा वाजले तरी नटाचा पत्ता नाही. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं.

आणि नेमका तेव्हाच रामदास दारात उभा राहिला.

हा मार्केट यार्डातला खराखुरा हमाल. गुळाचा ट्रक उतरवताना फळीवरून घसरला आणि त्याचं पाऊल फळी अन् ट्रकच्या फाळक्याच्या मध्ये चेचलं. त्याला चार महिने झाले. हाड वाकडं जुळत चाललेलं. महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तर ठीक, नाहीतर पाय जन्माचा असाच राहणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन विम्याच्या भरपाईवर अडलेलं आणि भरपाईचा दावा याच कंपनीने नामंजूर केलेला. का, ते विचारायला बिचारा पाचव्यांदा मांजरी गावाहून आला होता. खाली वॉचमनने विचारलं, "क्लेमचं का?" हा म्हणाला, "व्हय." "चौथा मजला. लिफ्ट बंद आहे." संपली चौकशी.

तर चार मजले चढून, घामाने निथळत, प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद छातीशी धरून रामदास उभा. श्यामसुंदररावांचा जीव भांड्यात पडला.

"या, या. किती हो उशीर?"

"पाय वढत यावं लागतंय, सायेब."

श्यामसुंदररावांनी मॅडमकडे बघून भुवया उडवल्या. "भाषासुद्धा पकडली आहे, बघा."

रामदासला खुर्ची दिली. बसताना त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं. वीस पेनं एकदम चालू झाली.

"अपघात कधी झाला?" पुढच्या रांगेतल्या एकाने दरडावून विचारलं.

"नऊ जूनला. सकाळी पावणेसातला."

"इतकं नक्की कसं आठवतं?"

"त्या दिवशी पोरीचं कॉलेजात नाव घालायचं हुतं. म्हणून गाडी लवकर उतरवाय घेतली."

"न विचारता तपशील," श्यामसुंदरराव मागे हात बांधून पुटपुटले. वर्ग धन्य झाला. मग कुणी म्हणालं, फळी किती रुंद होती? कुणी म्हणालं, आदल्या रात्री झोप झाली होती का? कुणी पिशवीच मागितली, तर रामदासने ती आणखी घट्ट धरली. तेही लक्षणांत बसत होतं. शेवटी त्याला चालून दाखवायला सांगितलं. तो उठला आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

"थांबा, थांबा," श्यामसुंदरराव म्हणाले. "लंगडणं जरा जास्त होतंय. बघणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे. थोडं कमी करा."

रामदासने त्यांच्याकडे पाहिलं. साहेब शिकलेला माणूस, उगाच म्हणणार नाही.

"त्योच परयत्न चाललाय, सायेब. चार महिनं झालं."

सगळे खदखदून हसले. सगळे हसताहेत म्हणून रामदासही थोडासा हसला.

ऋतिका तेवढी हसली नाही. ती उठून त्याच्यासमोर खाली बसली. "काका, चप्पल काढता का?"

त्याने काढली. डावं पाऊल एका अंगाला वळलेलं, सुजलेलं, वर टाक्यांची जांभळी वेडीवाकडी रेघ. श्यामसुंदरराव वाकून बघू लागले. त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

"मेकअप कुणाचा हो?" असं म्हणत त्यांनी अंगठ्याने तो जांभळा रंग खसकन पुसून पाहिला.

रामदास असा ओरडला, की तिसऱ्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. रंग काही निघाला नाही. आणि त्याच क्षणी दार उघडलं. डोक्याला लालभडक पट्टी, एक हात गळ्यात, दोन्ही काखांत कुबड्या, असा एक तरुण टणाटण चालत आत आला.

"सॉरी सर. पार्किंगच मिळेना."

श्यामसुंदररावांचा अंगठा अजून रामदासच्या पावलावरच होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

पिशवीतले कागद ऋतिकाने रामदासच्या हातून अलगद घेतले. डॉक्टरांच्या कागदावर डावा पाय. आडत्याच्या मुनिमाने भरलेल्या अर्जावर उजवा. आणि खाली कंपनीचं पत्र: 'वर्णनात तफावत. दावा नामंजूर.' त्याखाली ऐटबाज, शेपटीवाली सही. ती कुणाची, हे श्यामसुंदररावांना चष्मा न लावताही कळलं. एक फोन केला असता, तर एका मिनिटात उलगडलं असतं.

रामदासला यातलं काही समजलेलं नव्हतं. चप्पल घालत तो म्हणाला, "दुखलं त्याचं काय न्हाई, सायेब. पाच फेऱ्या झाल्या, काय झालं त्ये कुणी इचारलं नव्हतं. आज इतक्या जणांनी इचारलं. आता निकाल लागंल न्हवं?"

वीस माणसं भिंतीकडे, छताकडे, कुठेही बघू लागली. श्यामसुंदररावांना लाज वाटली. नोकरीत चुकल्यावर वाटते तसली नाही. लहानपणी कुणाला तरी विनाकारण मारून बसल्यावर वाटायची, तसली. हे सगळं नाटक होतं, असं त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं? की 'कळवतो' म्हणून त्याला सहाव्या फेरीवर ढकलायचं? 'कळवतो' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता. मागे कादंबरी मॅडम वही उघडून बसल्या होत्या.

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या आधी."

मग त्यांनी दाव्याच्या फेरविचाराचा फॉर्म मागवला. ऋतिका विचारत गेली, रामदास सांगत गेला आणि श्यामसुंदरराव स्वतःच्या हाताने लिहीत गेले. एका रकान्यापाशी मात्र पेन अडलं. 'आधीच्या नामंजुरीचे कारण.' मग लिहिलं, 'मी कागद पाहिले, माणूस पाहिला नाही.' खाली सही केली. साक्षीदार म्हणून वीस जणांनी सह्या केल्या. शौनकही पुढे सरसावला होता, पण त्याचा हात गळ्यात होता आणि तो भूमिकेतून बाहेर यायला तयार नव्हता.

तीन आठवड्यांच्या आत दावा मंजूर झाला, आणि ऑपरेशन डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत पार पडलं. ते कळलं त्या दिवशी श्यामसुंदरराव जेवणाच्या सुट्टीत एकटेच खाली जाऊन दोन अमृततुल्य चहा पिऊन आले. वर आले तर टेबलावर मुख्य कार्यालयाचं पत्र. पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव होतं. ते तडक मॅडमकडे गेले.

"मॅडम, आभारी आहे. मला वाटलं होतं, आता काही मला बोलावत नाहीत."

"विषय वाचलात?"

"हो. 'दावेदाराशी कसं बोलावं.' उद्यापासून तयारीला लागतो."

"तयारी ऋतिका करते आहे," कादंबरी मॅडम वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. "शिकवणार तीच आहे. तुम्हाला दावेदार म्हणून खुर्चीत बसायचंय."

श्यामसुंदररावांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या प्रशिक्षणात मुख्य काम आपल्याकडेच आहे.