कोंडाजीची ताठ मान

सकाळी कोंडाजी उजव्या कुशीवर वळला आणि कुरवंड्यातलं त्याचं घर गरकन फिरलं. आढं खाली आलं, चूल वर गेली. त्याने दोन्ही हातांनी वाकळ घट्ट धरली.

"धोंडे, घर धर!"

धोंडाबाईने घर सोडून नवऱ्याला धरलं. थोड्या वेळाने सगळं थांबलं. पण वाकलं किंवा वर पाहिलं की पुन्हा तेच. आठ दिवस असे गेल्यावर ती त्याला लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला आडवं करून मान वळवली, डोळे पाहिले. "दोष डोक्यात नाही, कानात आहे," ते म्हणाले. "आपला तोल कानाच्या आत सांभाळला जातो. तो जरा बिघडलाय. जिवाला धोका नाही. वाकू नका, मान झटकन हलवू नका, एकदम उठू नका. महिना-दोन महिन्यांत ओसरेल."

पण त्यांच्या लेकीची, शालूची, लग्नाची सुपारी चार दिवसांवर आली होती.

"उरश्याच्या पाव्हण्यांस्नी कळलं तर म्हनतील, घरात फेफरं हाय," कोंडाजी वाटेत म्हणाला. "कुनाला बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत. तुमी फकस्त पडू नगासा."

उरश्याचा मुलगा शालूला पसंत होता. तसं ती बोलली नव्हती, पण अंगण रोज तीनदा झाडत होती.

ठरल्या दिवशी मुलाचा बाप अंबाजी, त्याची बायको रतनबाई आणि मध्यस्थ दत्तोबा आले. कोंडाजीने न वाकता रामराम घातला. अंबाजीनेही तो पहार गिळल्यासारखा उभा राहून घेतला. दोघांच्या मध्ये जमिनीवर पाण्याचा तांब्या होता.

"पाय धुवा," कोंडाजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला.

"धुतो की," अंबाजी दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाला.

तांब्याला कुणीच हात लावेना. शेवटी दत्तोबानेच तो उचलून अंबाजीच्या पायांवर पाणी ओतलं.

बैठक बसली. शालू पोहे ठेवून गेली. बश्या जमिनीवर, व्याही ताठ. पोहे निवत चालले.

"खावा की, पाव्हणं," दत्तोबा म्हणाला.

"आधी त्यास्नी खाऊ द्या," दोघं एकदमच बोलले.

रतनबाईने पदर सावरला.

"पोरगी पसंत हाय न्हवं?" दत्तोबाने विचारलं.

"हाय," अंबाजी भिंतीला म्हणाला. मान तसूभर हलली नाही.

"असलं कोरडं 'हाय' मी जन्मात ऐकलं न्हाई!" दत्तोबा चिडला. "सोयरीक करायची आसंल तर उठा आन् भेटा एकमेकास्नी. न्हाईतर मी चाललो!"

दारात शालू उभी होती. तिचे डोळे भरले होते. ते कोंडाजीने पाहिले, डॉक्टरांचं सांगणं विसरला आणि ताडकन उठला. अंबाजीही उठला.

घर फिरलं. कोंडाजीने जे हाताला लागलं त्याला मिठी मारली. तो अंबाजी होता, आणि त्याने कोंडाजीला त्याहून घट्ट धरलं होतं.

"सोडू नगा, पाव्हणं," अंबाजी कानात कुजबुजला.

"तुमी बी सोडू नगा."

"घर फिरतंय ओ."

"तुमचं बी?" कोंडाजीने डोळे मिटूनच विचारलं.

"मधी थांबलं हुतं, पुन्यांदा सुरू झालं. कुनाला सांगू नगा."

"कानाचं दुखनं आसतंय ते. हळूच बसू आपन. आधी तुमी."

"न्हाई, संगंच."

दोघं एकमेकांना धरून, भिंतीला टेकत, दोन म्हाताऱ्या बैलांसारखे हळूहळू खाली बसले. एवढी लांब गळाभेट दत्तोबाने कुठल्याच सुपारीत पाहिली नव्हती. त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"बोला, पाव्हणं, काय अट आसंल ती," तो गहिवरून म्हणाला.

अंबाजीने जरा विचार केला. "येकच. लग्नात पोरीच्या बापानं कुनाच्या पाया पडायचं न्हाई. आन् मी बी पडनार न्हाई."

"केवढं मन मानसाचं!" दत्तोबा म्हणाला. दारातली शालू हसत हसत आत पळाली.

चुलीपाशी रतनबाई सरकत सरकत धोंडाबाईला खेटून बसली.

"तुमच्या ह्यांना कवापासनं हाय ओ?" रतनबाईने हळूच विचारलं.

धोंडाबाईने दाराकडे एकवार पाहिलं. "बारा दीस झालं. तुमच्या?"

"शिमग्यापासनं," रतनबाई म्हणाली, आणि दोघींनी तोंडाला पदर लावला.